हा शब्द कुणाच्या घरातला?

खरातबाई कुणाचंही बोलणं पहिल्या फटक्यात पक्कं धरत नसत. समोरचा खोटं बोलतोय अशी शंका त्यांना नसायची. आपल्याला नीट ऐकू आलंय का, ही असायची. म्हणून कुणी एक वाक्य बोललं की त्या ते जसंच्या तसं परत म्हणायच्या आणि वर विचारायच्या, "असंच म्हणालात ना?" नव्या माणसाला वाटायचं, बाई आपल्याला वेडावून दाखवताहेत. मलाही वाटलेलं.

"मी आपली नवरा-बायकोच्या केसेस बघते, कल्याण कोर्टात," मी पहिल्या दिवशी म्हणाले.

"मी आपली नवरा-बायकोच्या केसेस बघते, कल्याण कोर्टात. असंच म्हणालीस ना?"

"हो."

"मग 'आपली' कशाला? लाज वाटते का त्याची?"

डोंबिवली पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं सल्ला केंद्र होतं. दोन खोल्या, एक पंखा, आणि खालच्या भजीवाल्याचा वास. दर शनिवारी दुपारनंतर खरातबाई तिथे बसत. घरातली भांडणं घेऊन माणसं येत, त्या ऐकत, आणि कायद्याचा प्रश्न निघाला की मला हाक मारत, "अगं ए वकील!" माझं नाव त्यांना माहीत होतं. पण त्यांच्या मते वकिलाला वकील म्हटलं की समोरचा जरा सरळ बसतो.

त्यांची उंची बेताची, आवाज मात्र खणखणीत. केस मागे घट्ट बांधलेले, साडी सुती, आणि पायात कायम बूट. मऊ, पांढरे, पळायला घालतात तसले. साडीवर बूट बघून कुणी हसलं तर म्हणत, "गुडघे दुखतात ते माझे. मी इथे फोटो काढायला येत नाही."

वाक्य परत म्हणायची सवय नोकरीतून आलेली. त्या ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. परगावचा फोन बुक करावा लागायचा आणि तास-तास वाट बघावी लागायची, त्या काळात. नंबर परत म्हणायचा, नाव परत म्हणायचं, मगच लाईन जोडायची. नोकरी संपली, ती यंत्रं भंगारात गेली, सवय राहिली. घरी भाजीवालाही त्यातून सुटला नव्हता.

भाषा त्यांना पुष्कळ येतात असा आमच्या केंद्रात बोलबाला होता. त्या स्वतः तो मान्य करत नसत. "एकही धड येत नाही मला," त्या म्हणत. "पण आठ भाषांत 'राँग नंबर' म्हणता येतं." त्यांचं बालपण विठ्ठलवाडीच्या चाळीत गेलेलं. वडील कारखान्यात फिटर. चाळीत ह्यांच्यासारखी काही बौद्ध कुटुंबं, कोपऱ्यात एक मालवणी घर, आणि गल्ली ओलांडली की सगळे सिंधी. पाहुणा आला की आधी भाजलेला पापड आणि पाणी पुढे करायचं, ही रीत त्यांनी त्या सिंधी घरांतून उचलली आणि केंद्रात आणली. भांडत आलेल्या जोडप्याच्या हातात त्या आधी पापड द्यायच्या. मी कारण विचारलं.

"तोंडात पापड असताना ओरडून बघ," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. नाही ओरडता येत.

शब्दांचा नाद त्यांना कसा लागला, ती गोष्ट त्या कुणालाही सांगत, न विचारता. एक्स्चेंजमध्ये नव्याच लागलेल्या. मद्रासकडून कुणा म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला, ठाण्यातल्या त्यांच्या पुतण्यासाठी. पुतण्या घरी नव्हता. खरातबाईंनी विचारलं, काही निरोप आहे का? म्हातारा म्हणाला, "कल्याणम्!"

"ये ठाणा है. कल्याण अलग. रुको, लगाती हूँ."

"कल्याणम्! कल्याणम्!"

"हाँ हाँ, कल्याण. कल्याण में किसको बुलाना है?"

म्हातारा रडकुंडीला आला. ह्यांनी कल्याणची लाईन जोडली, कल्याणचा ऑपरेटर म्हणाला, कोण पाहिजे, म्हातारा पुन्हा "कल्याणम्!" शेवटी शेजारच्या बोर्डावरची केरळची सहकारी हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिली. कल्याणम् म्हणजे लग्न. म्हाताऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तो ते जगाला सांगायला निघाला होता.

"मी विठ्ठलवाडीची. कल्याण माझ्या पायाखालचं गाव," खरातबाई म्हणत. "आणि त्या गावाच्या नावाने तिकडे मांडव घालतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! त्या दिवसापासून मी कुठल्याच शब्दाला गृहीत धरलं नाही."

तेव्हापासून त्यांचा एक प्रश्न ठरलेला. कुणी एखादा शब्द विचित्र वापरला की त्या विचारत, "हा शब्द कुणाच्या घरातला?" त्यांच्या मते प्रत्येक शब्द माणूस कुठल्या तरी घरातून उचलून आणतो. आईकडून, शाळेतून, नवऱ्याच्या गावाहून, मोबाईलमधून. त्या घरी जाऊन आल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही.

केंद्रात नवीन आलेल्या समुपदेशक मुलींशी त्यांचं ह्यावरून वाजायचं. एक मुलगी एकदा म्हणाली, "मॅम, त्या क्लायंटला स्पेस हवी आहे."

"स्पेस हवी आहे. असंच म्हणालीस ना? अगं, वन रूम किचनमध्ये सहाजण राहतात ते. स्पेस कुठून देणार आहेस?"

मुलगी रागावली, आणि तिचं बरोबर होतं. त्या बाईला खरंच कुणीतरी दोन तास एकटं सोडायला हवं होतं. पुढच्या शनिवारी खरातबाईंनी सगळ्यांसमोर ते कबूल केलं आणि त्या बाईला खालच्या मजल्यावरच्या वाचनालयाचं सभासद करून टाकलं. चूक कबूल करताना त्यांचा आवाज जराही खाली येत नसे. बरोबर असतानाही तोच, चुकल्यावरही तोच.

शब्दांचा एवढा नाद असलेली बाई शब्दांना फसेल, असं कुणाला वाटलं तर तो चुकला. एकदा उल्हासनगरात दुकान असलेला एक माणूस बायकोबरोबर आला. बायकोचा गाल सुजलेला. माणूस हिंदी बोलणारा, गोड, शिकलेला. त्याला कुणीतरी सांगितलं असावं की ह्या बाईंना भाषेचं प्रेम आहे. तो म्हणाला, "देखिए मॅडम, मराठी में शिक्षा मतलब सज़ा. हमारे यहाँ शिक्षा मतलब पढ़ाई. मैंने इसको शिक्षा दी. आप लोग ग़लत समझ रहे हैं."

खरातबाईंनी त्याचं वाक्य परत म्हणून दाखवलं. मग म्हणाल्या, "आपके घर का मतलब भी समझ गई, मेरे घर का भी. गाल तो एकही है ना?" आणि लगेच, "अगं ए वकील! ह्यांना पोलीस स्टेशनचा रस्ता सांग, ताईंच्या सोबत तू जा."

मी गेले. ती केस पुढे बरीच चालली, पण ती बाई परत त्या घरात राहायला गेली नाही.

स्वतःच्या संसाराबद्दल त्या क्वचितच बोलत. त्यांचे मिस्टर रेल्वेत होते, माझ्या ओळखीच्या आधीच वारलेले. एकदा मी विचारलं, कसे होते हो? "अगं, मी दिवसभर कानात लोकांची बडबड घेऊन घरी यायचे. खरात गप्प असायचे. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ह्यांचा माझ्यावर राग आहे. मग कळलं, ते मला आराम देत होते." एवढंच. मग पापडाचा डबा माझ्याकडे सरकवला.

आता प्रणालीची गोष्ट. खरातबाई म्हटल्या की मला आधी तीच दुपार आठवते.

प्रणाली दळवी मूळची डोंबिवलीचीच, घराणं कोकणातलं. वडील एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पुण्याच्या वळणाचं स्वच्छ मराठी बोलणारे. तिने लग्न केलं सुब्रतशी. तो बंगाली, कॉम्प्युटरवर इमारतींचे आराखडे काढण्याचं काम करायचा. दोघं ठाण्यात कोलशेतला भाड्याने राहायची. घरात दोघांची भाषा हिंदी. पण सासू-सासऱ्यांसाठी सुब्रत मराठी शिकत होता, आणि त्याला ते सोपंही जात होतं. राग म्हणजे राग, संसार म्हणजे संसार. हिंदीत ह्या शब्दांची तऱ्हा वेगळी, पण बंगालीत आणि मराठीत एकच. त्यामुळे अडलं की तो बेधडक आपल्या घरातला शब्द टाकायचा, आणि बहुतेक वेळा तो बसायचा.

प्रणाली आमच्याकडे आली ती घटस्फोट ठरवूनच. मी कागद काढले. खरातबाई म्हणाल्या, "आधी काय झालं ते सांग."

तिची आई, सुनंदाबाई, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे कोलशेतला आलेली होती. एका दुपारी प्रणाली ऑफिसात, सुब्रत घरून काम करत होता. जेवण झाल्यावर सुनंदाबाईंना अस्वस्थ वाटायला लागलं. थोड्याच वेळात त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. ॲम्ब्युलन्स माजिवड्याला पुलाखाली अडकली. शेवटी शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं, पण तोवर सगळं संपलेलं होतं.

"आणि तेराव्याला," प्रणाली म्हणाली, "सगळे नातेवाईक बसलेले. मामाने ह्याला विचारलं, नक्की काय झालं त्या दुपारी? हा उठून उभा राहिला. आणि म्हणाला..."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'मी खूप चेष्टा केली. शेवटपर्यंत चेष्टा केली.'"

मी पेन खाली ठेवलं.

"हा आईची नेहमीच मस्करी करायचा," ती म्हणाली. "तिच्या चालण्याची नक्कल करायचा, तीही हसायची. पण त्या दिवशी ती सांगत असणार, मला बरं वाटत नाहीये, आणि ह्याला वाटलं असणार, नाटक करतेय. हसत बसला असणार. मामा तर तिथेच अंगावर धावून गेला. मी घरी आल्यावर ह्याला एकच विचारलं, तू सगळ्यांसमोर जे बोललास ते खरं आहे? हा म्हणाला, खरं आहे, मी तेवढंच करू शकलो. तेवढंच करू शकलो! मी त्याच दिवशी बाबांकडे निघून आले."

खरातबाईंनी ह्या वेळी वाक्य परत म्हटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "बाबा काय म्हणतात?"

"बाबा त्याचं नाव काढत नाहीत. ते कुणाशीच बोलत नाहीत."

"पुढच्या शनिवारी बाबांना घेऊन ये. त्यालाही बोलावते."

पुढच्या शनिवारी तिघं आले. दळवी काका खिडकीजवळ बसले, जावयाकडे पाठ करून. प्रणाली मध्ये. सुब्रत दाराजवळच्या स्टुलावर. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. पापडाला कुणी हात लावला नाही.

"सुब्रत," खरातबाई म्हणाल्या, "तेराव्याला तू काय बोललास?"

त्याने मान खाली घातली. "ते खरं आहे."

"खरं-खोटं मी विचारलं नाही. शब्द सांग."

"मी खूप चेष्टा केली. शेवटपर्यंत चेष्टा केली. पण नाही झालं."

दळवी काकांची पाठ ताठ झाली. "ऐकलंत?" ते खिडकीकडे बघतच म्हणाले. "अजूनही हा माणूस हेच म्हणतोय."

खरातबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "मी खूप चेष्टा केली. असंच म्हणालास ना?"

"हो."

"हा शब्द कुणाच्या घरातला?"

सुब्रतला प्रश्न कळला नाही. त्यांनी हिंदीत विचारला. कहाँ से लाया ये शब्द?

"मेरी माँ का है," तो म्हणाला. "परीक्षेच्या वेळी म्हणायची. चेष्टा कोरो, बाबा. चेष्टा कोरो."

मी खरातबाईंकडे बघितलं. त्यांना कळलंय हे मला दिसलं, आणि मलाही तेव्हाच कळलं. मी तोंड उघडलं तशी त्यांनी टेबलाखालून बुटाने माझ्या पायावर मारलं.

"बरं. मग दाखव," त्या सुब्रतला म्हणाल्या.

"काय दाखवू?"

"त्या दुपारी तू जी चेष्टा केलीस, ती कर. इथे. तोंडाने नको बोलूस. हाताने दाखव."

प्रणाली उभी राहिली. "बाई, हे काय चाललंय?"

"बस गं बाळा. थोडा वेळ."

खुर्चीवर एक जुनी उशी होती, खरातबाई पाठीशी घ्यायच्या ती. त्यांनी ती जमिनीवर ठेवली. सुब्रत स्टुलावरून उठला, चपला काढल्या आणि गुडघे टेकून बसला. आधी त्याने उशीच्या वर, जिथे डोकं असेल तिथे, हवेतच हात ठेवला, हनुवटी वर उचलल्यासारखी केली. मग मोबाईल जमिनीवर ठेवून स्पीकर लावल्याची खूण केली. आणि मग एका हातावर दुसरा हात ठेवून तो उशी दाबायला लागला. कोपर ताठ, सगळं अंग वरून. एका लयीत. ओठ हलत होते, तो मोजत होता. मध्येच थांबून वाकायचा, फुंकर घालायचा, पुन्हा दाबायचा. उशीतला कापूस दबून सपाट झाला, हात फरशीला लागायला लागले, तरी थांबेना. घाम त्याच्या नाकावरून उशीवर पडत होता.

"आँटी, उठो," तो पुटपुटला. मग, "आई. आई, उठा. आई, उठा ना."

खाली भजीवाला कुणाला तरी चटणी देत होता, तेवढाच आवाज.

दळवी काका कधी वळले, मला कळलं नाही. ते वळलेले होते, आणि खुर्चीच्या कडेवर आलेले होते. "किती वेळ?" त्यांनी विचारलं.

सुब्रत थांबला नाही. "गाडी येईपर्यंत. गाडीत पण. मागच्या सीटवर." त्याला धाप लागली होती. "डॉक्टर म्हणाले, बस करो. तोपर्यंत."

"मी पोचलो तेव्हा," काका कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "ती निश्चेष्ट पडली होती."

आणि ते तिथेच अडले. शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांना ऐकू आला, तसं काहीसं. ओठ पुन्हा हलले, आवाज न करता. त्यांनी सुब्रतच्या हातांकडे बघितलं.

"चेष्टा..." ते म्हणाले. "तुमच्यात चेष्टा म्हणजे काय रे?"

सुब्रत टाचांवर बसला. "चेष्टा, बाबा. कोशिश. ते... प्रयत्न."

प्रणालीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मराठीत काय?" सुब्रतने विचारलं. त्याने एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं. "मराठीत चेष्टा म्हणजे काय?"

मराठीतला अर्थ त्याला प्रणालीने नंतर सांगितला, डोंबिवलीच्या घरी. त्या वेळी दळवी काका खुर्चीतून उठले, भिंतीला धरून हळूहळू खाली बसले, जमिनीवर, उशीच्या पलीकडे. त्यांनी जावयाचे हात हातात घेतले, तळवे वर केले आणि नीट बघितले.

"हात दुखले असतील रे तुझे," ते म्हणाले.

त्यावर सुब्रत जो रडायला लागला, तो त्या दिवसापासून साठलेलं सगळं रडला असावा. त्याला इतके दिवस वाटत होतं की हे लोक आपल्याला दोष देतात तो आई वाचली नाही म्हणून. आणि तो दोष त्याला मान्य होता.

खरातबाई उठल्या. मला म्हणाल्या, "चल, चहा सांगून येऊ." चहा फोनवर सांगता येत होता. आम्ही जिन्यात जाऊन उभ्या राहिलो.

"तुम्हाला आधीच कळलेलं," मी म्हटलं. "मागच्या शनिवारीच."

"शंका होती. कलकत्त्याला एक ऑपरेटर होता. लाईन लागत नसली की म्हणायचा, चेष्टा कोरछी दीदी, चेष्टा कोरछी. मी महिनाभर त्याच्याशी भांडले, की बाबा रे, तू माझी चेष्टा कशाला करतोस! तो म्हणायचा, दीदी, आपकेही लिए तो कर रहा हूँ."

"मग सरळ सांगायचं ना त्यांना. एका मिनिटात सुटलं असतं."

खरातबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नंबर चुकीचा सांगितला होता. "काय सुटलं असतं? म्हातारा म्हणाला असता, असं होय, शब्द चुकला. आणि घरी जाऊन तसाच बसला असता. त्याची बायको एकटी, हसणाऱ्या माणसासमोर मेली, हे जे त्याच्या डोळ्यासमोर होतं ना, ते शब्दाचा अर्थ सांगून जात नाही. त्याला बघायला पाहिजे होतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि माझी शंका चुकीची असती तर? तो खरंच हसला असता तर? मग तू होतीसच, तुझे कागद घेऊन."

जिन्यात अंधार होता. त्यांनी पदराने डोळे पुसले की चष्मा, ते मला दिसलं नाही.

प्रणाली लगेच कोलशेतला गेली नाही. आईच्या मृत्यूचं दुःख तिला त्या रागापुढे करताच आलेलं नव्हतं, ते आता सुरू झालं. सुब्रत दर रविवारी डोंबिवलीला जायचा, सासऱ्यांबरोबर जेवायचा. मामाने त्याची माफी मागितली, जरा अवघडून, पण मागितली. पावसाळा संपता संपता प्रणाली परत गेली, आणि काही दिवसांनी दळवी काकाही तिकडेच राहायला गेले. माझे कागद मी फाडून टाकले. खरातबाईंना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उशी नवीन आणून द्या म्हणावं. ती बसायच्या कामाची राहिली नाही."

त्यानंतरही त्या आठेक वर्षं केंद्रात बसल्या. मग इमारत पुनर्विकासाला गेली, खोल्या रिकाम्या करायला लागल्या. नवी जागा मिळेना. खरातबाईंचे गुडघेही जिने चढायला नाही म्हणायला लागले. मुलगी हैदराबादला होती, तिने आग्रह धरला. "जाते बाई," त्या म्हणाल्या. "इथे आता मला माहीत नसलेलं काही उरलेलं नाही." ह्यात थोडी बढाई होती, पण फार नव्हती.

गेल्या वर्षी त्या तिकडेच गेल्या, झोपेत. मला मुलीचा फोन आला. माझी त्यांच्याशी शेवटची भेट झाली ती कल्याण स्टेशनवर, त्यांना गाडीत बसवून द्यायला मी गेलेले तेव्हा.

दुपारची वेळ, डबा अर्धा रिकामा. मी सामान सीटखाली सरकवलं, पाण्याची बाटली दिली, त्यांना खिडकीशी बसवलं आणि खाली उतरून खिडकीबाहेर उभी राहिले. मला खूप काही बोलायचं होतं. वाटेत मी ते जुळवलंही होतं. समोरच्या बाकावर दोन तेलुगू बायका बसलेल्या, एक तरुण, एक म्हातारी, मधे डबे उघडलेले.

"बाई," मी गजांना धरून म्हटलं, "सिग्नल पडलाय. गाडी सुटेल हं आत्ता."

ती तरुण बाई दचकली. हातातला घास तसाच ठेवून तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या म्हातारीकडे. म्हातारीनेही माझ्याकडे बघितलं. मग दोघी हसायला लागल्या. तेलुगूत अत्ता म्हणजे सासू, आणि माझं 'आत्ता' त्यांना तसं ऐकू आलं, हे मला दुसऱ्या दिवशी खरातबाईंच्या फोनवरून कळलं; त्या क्षणी मात्र काय झालं ते ना मला माहीत होतं, ना त्यांना.

पण त्यांनी ते हसू ऐकलं. मान एकदम तिकडे वळली, चष्मा वर गेला. "क्या हुआ? क्या बोली वो?"

गाडीने धक्का दिला. मी खिडकीबरोबर चालायला लागले. "बाई, पोचलात की फोन करा! गोळ्या वेळेवर घ्या!" मी ओरडत होते, हात हलवत होते. खरातबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, हलत्या डब्यात तोल सावरत समोरच्या बाकावर त्या म्हातारीच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिच्या तोंडाजवळ कान नेला. म्हातारीने काहीतरी सांगितलं. मग ह्यांचे ओठ हलले, सावकाश, एकेक अक्षर लावून बघितल्यासारखे.

गाडीने वेग घेतला. मी थांबले, तरी हात वर तसाच होता, त्या रिकाम्या खिडकीकडे केलेला.